छोट्या आगगाडीचा मुलूख



दिवाळी जवळ आली की आपल्याकडची मुले अंगणात किल्ला करू लागतात. चार विटा, दोन धोंडे, त्यांवर चिखलात बुडवलेले गोणपाट, आणि वर अळीव किंवा मोहरी पेरली की आठ दिवसांत हिरवळ तयार. आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो या किल्ल्याचाच थोरला भाऊ आहे. छोटी आगगाडी आणि तिच्या भोवतीचा देखावा, हा तो विषय.

तुम्ही म्हणाल, हे श्रीमंतांच्या मुलांचे खेळणे. आमच्या खेड्यातल्या शाळेला त्याचे काय? शंका रास्त आहे. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी जन्मभराच्या छंदातून उभे केलेले लघुरेल्वेचे संग्रहालय आहे. 1998 सालापासून ते लोकांसाठी खुले आहे. तिथे एक अख्खे छोटे शहर आहे आणि त्यातून गाड्या धावतात, सिग्नल पडतात, दिवे लागतात. सहलीला पुण्याला गेलात तर मुलांना अवश्य दाखवा. पण तसे करणे आपल्या आवाक्यातले नाही, हे मलाही कबूल आहे. मी सांगणार आहे ते माती, पुठ्ठा, काथ्या आणि डिंक यांचे काम. त्यातला महागडा भाग एकच, आणि तो म्हणजे आपले डोळे.

प्रथम आपली गाडी कोणती ते सांगतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियराने अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची बार्शी लाईट रेल्वे उभारली. 1897 साली ती कुर्डूवाडीहून बार्शीपर्यंत धावली. पुढे इंग्रजी मुलूख ओलांडून ती निजामाच्या हद्दीत शिरली आणि 1911 साली लातूरला पोहोचली. दुसऱ्या बाजूला ती पंढरपूरला गेली आणि 1927 साली मिरजेला जाऊन भिडली. 1954 साली ती सरकारच्या ताब्यात आली. बार्शी सोडली की ती बालाघाटाचा चढ चढून येडशीला येई, आणि पुढे तेर, ढोकी, मुरूड करत लातूर गाठी. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत पंढरीची वारी, माहेरपण आणि कोर्टाची तारीख या तिन्ही गोष्टी या गाडीने घडवल्या. 2008 साली लातूर ते कुर्डूवाडी रुंद रूळ टाकण्याचे काम पुरे झाले. नवा मार्ग धाराशिव शहराजवळून गेला आणि शहराला गाडी मिळाली, ही आनंदाचीच गोष्ट. पण धाकटी गाडी गेली ती गेलीच. आज शाळेत बसलेल्या मुलांपैकी एकानेही ती पाहिलेली नाही.

म्हणून आम्ही काही विद्यार्थी आणि मी, अशांनी ठरवले की येडशीच्या बाजूचा एक तुकडा छोट्या रूपात उभा करायचा. आठ फूट लांब आणि चार फूट रुंद फळी घेतली. गावातल्या एकाने मुंबईहून मुलासाठी आणलेली गाडी आम्हांला दिली. देखावा आम्ही झपाट्याने केला. निळे टोकदार डोंगर, त्यांवर थोडे बर्फ, खाली हिरवेगार कुरण, आणि उभी सुईसारखी झाडे! अशी झाडे आम्ही दिनदर्शिकेवरच्या चित्रांत पाहिली होती. प्रदर्शनात वाहवा झाली. मी भूगोलाचा प्राध्यापक, वर्गात पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवणारा. तरी मला त्यात काही वावगे दिसले नाही.

गर्दीत एक म्हातारे गृहस्थ होते. जन्मभर याच लाईनीवर गँगमनचे काम केलेले. मुले त्यांना आबा म्हणत. ते बराच वेळ फळीभोवती फिरले आणि मला म्हणाले, "सर, गाडी झकास पळतीया. पर ह्यो मुलूख कुणाचा?"

मुले हसली. मी मात्र त्या रात्री नीट झोपलो नाही. गाडी विकत मिळते; मुलूख पाहावा लागतो. आम्ही तो पाहिलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही बर्फाचे डोंगर काढून टाकले आणि पुढचे चार रविवार येडशी, रामलिंगच्या बाजूला पायी हिंडलो. रामलिंगचा परिसर अभयारण्य आहे. तिथले पानही उचलायचे नाही, असा दंडक घातला. तिथे फक्त पाहायचे आणि वहीत चित्र काढायचे. माती आणि काटक्या आणल्या त्या ओळखीच्यांच्या बांधावरून, विचारून.

आता प्रत्यक्ष कृती सांगतो. गुरुजनांनी हवे तर टिपून घ्यावे.

पहिली गोष्ट मापाची. आम्ही पन्नासाला एक हे माप धरले. म्हणजे खरा एक मीटर तो आपला दोन सेंटिमीटर. अडीच फुटांचे रूळ या मापात सुमारे पंधरा मिलिमीटर होतात. आमच्या गाडीच्या रुळांतले अंतर साडेसोळा होते. ते चालून गेले. गाडीची चाके आणि तळ तेवढा ठेवला, वरचे डबे पुठ्ठ्याचे केले. साडेपाच फुटी माणूस सव्वातीन सेंटिमीटरचा झाला. आणि बारा मीटरचा लिंब? तो चोवीस सेंटिमीटरचा, म्हणजे चांगला वीतभर उंच! इथेच सगळे फसतात. माणसे बरोबर करतात आणि झाडे झुडपाएवढी ठेवतात. डोंगराचे मात्र उलटे. तो मापाने केला तर छताला लागेल. म्हणून डोंगर आटवावा लागतो. कोणती गोष्ट मापात ठेवायची आणि कोणती आटवायची, यावर वर्गात वाद घालू द्यावा. नकाशा म्हणजे काय, हे मुलांना त्या वादात आपोआप कळते.

दुसरी गोष्ट डोंगराची. मुलाला डोंगर काढ म्हटले की तो त्रिकोण काढतो. आपला बालाघाट तसा नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरले आणि त्यांतून हा काळा खडक झाला. म्हणून आपले डोंगर माथ्यावर पाटासारखे सपाट आणि कडेला पायऱ्यापायऱ्यांचे. खोक्याच्या जाड पुठ्ठ्याचे तुकडे कापून एकावर एक चिकटवत गेले की त्या पायऱ्या आयत्याच मिळतात. थर्मोकोल वापरू नये. सजावटीच्या थर्मोकोलवर 2018 पासून राज्यात बंदी आहे, आणि पुठ्ठ्याने काम अधिक चांगले होते. वरून जुन्या वर्तमानपत्राचा लगदा खळीत कालवून लिंपावा. खळीला कीड लागते, म्हणून बाइंडर लोक तिच्यात चिमूटभर मोरचूद घालतात. पण ते विषारी आहे. गुरुजींनी स्वतःच्या हाताने घालावे, मुलांना हात लावू देऊ नये.

तिसरी गोष्ट मातीची. आम्ही काळ्या रानाची माती आणली, भिजवली आणि शेत म्हणून थापली. आठ दिवसांत तिला भेगा पडल्या. एक मुलगा म्हणाला, "सर, हे तर चैत्रातलं खरं रान झालं!" गंमत खरी, पण भेग चार मिलिमीटरची होती, म्हणजे आमच्या मापात वीतभर. तिच्यात आमचा छोटा शेतकरी अडकून पडला असता. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना आकसते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. उपाय असा: खालचा थर लगद्याचा किंवा मुरमाच्या मातीचा द्यावा, आणि काळी माती वस्त्रगाळ करून पातळ डिंकावर नुसती भुरभुरावी. चाळणे महत्त्वाचे आहे. एक मिलिमीटरचा कण आपल्या मापात पाच सेंटिमीटरचा धोंडा होतो. त्याच हिशेबाने, चाळणीवर राहिलेली जाड वाळू ही रुळांखालची खडी म्हणून अगदी फर्मास बसते.

चौथी गोष्ट रंगाची. आपण फळीकडे एक मीटरवरून पाहतो, तेव्हा खऱ्या मुलुखाकडे पन्नास मीटरवरून पाहिल्यासारखे असते. मध्ये हवा आणि धूळ असल्यामुळे दूरचा रंग नेहमी मवाळ दिसतो. म्हणून बाटलीतला हिरवा रंग तसाच लावू नये. त्यात थोडी पिवडी आणि थोडा पांढरा मिसळावा. मागचे डोंगर आणखी फिके, किंचित निळसर ठेवावेत. आम्ही लाकडाचा भुसा हळद आणि निळीत रंगवून गवत केले होते. दोन महिन्यांत हळद उडाली आणि गवत भलत्याच रंगाचे झाले. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही, हा धडा आम्हांला फुकट मिळाला. वापरून वाळवलेली चहापूड मात्र उत्तम. वाळल्या गवताखालची जमीन तिने हुबेहूब साधते.

पाचवी गोष्ट ऋतूची, आणि ती फार मोलाची. देखावा कोणत्या महिन्यातला, हे आधी ठरवावे. आम्ही एका बाजूला पळस फुलवला आणि दुसऱ्या बाजूला तुरीचे हिरवे पीक दाखवले. एका शेतकऱ्याची मुलगी म्हणाली, "सर, पळस फुलतो तवा तूर रानात कुठं असती? ती तर कवाच खळ्यावर गेलेली असती." बाकीचे आम्ही गप्प. मग सर्वानुमते पौष महिना ठरला. पळस नुसता राहिला आणि तुरीच्या जागी कापल्या तुरीचे खुंट आले. निसवलेली ज्वारी काथ्याचे साडेतीन सेंटिमीटरचे तुकडे ओळीने रोवून केली. त्या मुलीचा एरवी वर्गात आवाज निघत नसे. त्या दिवसापासून ती आमची शेतकी सल्लागार झाली.

एवढे सगळे करून आम्ही आबांना पुन्हा बोलावले. ते आले, खाली वाकून पाहिले आणि म्हणाले, "आता आपला मुलूख हाय. पर पाण्याच्या टाकीखाली कोरडं कसं?"

वाफेच्या इंजिनाच्या काळातली ती टाकी सदा गळायची, असे त्यांनी सांगितले. तिच्याखाली बारा महिने ओल असे, ओलीवर हिरवळ असे, आणि हिरवळीवर कुणाच्या ना कुणाच्या शेळ्या. इंजिन जिथे उभे राही तिथे रुळांमधली खडी तेलाने काळी पडलेली असे. या गोष्टी कोणत्याही पुस्तकात आम्हांला मिळाल्या नसत्या. आम्ही टाकीखाली हिरवळ केली. ओलावा दाखवायला त्या जागी रोगणाचा एक हात दिला. वस्तू ओली दिसते ती तिच्या चकाकीमुळे, निळा रंग लावल्यामुळे नव्हे. दोन शेळ्या मातीच्या केल्या. आबा त्या शेळ्यांकडे पाहून पहिल्यांदा हसले.

श्रोतेहो, मातीच्या लहान वस्तू करणे आपल्या मुलुखाला नवे नाही. या लाईनीवरचे तेर हे सातवाहनांच्या काळातले भरभराटीचे नगर. तिथे सापडलेल्या पांढऱ्या मातीच्या बाहुल्या दोन साच्यांतून काढलेल्या आहेत. गोरोबाकाकांचे गावही तेच. दोन हजार वर्षांपूर्वीची माणसे कशी केस बांधत, काय दागिने घालत, हे आज त्या बोटभर बाहुल्यांवरून कळते. तेरच्या लामतुरे संग्रहालयात जाऊन पाहावे.

दूर इंग्लंडातलेही एक उदाहरण सांगतो. रॉय इंग्लंड नावाचा एक तरुण 1925 साली ऑस्ट्रेलियाहून तिथे गेला. एका खोऱ्यातली गवताने शाकारलेली जुनी घरे त्याच्या डोळ्यांदेखत बदलू लागली होती. त्याने ती मोजून, त्यांची टिपणे ठेवून, छोट्या रूपात करायला घेतली. त्यातून 1954 साली पेंडन येथे संग्रहालय सुरू झाले आणि पुढे कितीतरी लोकांनी ते काम चालू ठेवले. त्याच्या देखाव्यातही आगगाडी आहे. पण लोक जातात ते खोरे पाहायला.

आता शेवटचे सांगतो. आमच्या फळीच्या एका कोपऱ्यात गँगमन लोकांची वस्ती दाखवायची होती. किती खोल्या, दारे कोणत्या दिशेला, चूल आत की बाहेर, हे आबांना विचारले. ते म्हणाले, "बेस्तरवारी येतो, बसून सांगतो." त्या बेस्तरवारी ते आले नाहीत. आजारी पडले, आणि त्या दुखण्यातून उठले नाहीत. तो कोपरा अंदाजाने भरणे अवघड नव्हते. मुलांना मी विचारले. ती सल्लागार मुलगी म्हणाली, "नको सर, खोटं व्हईल." म्हणून तेवढी जागा आम्ही कोरी ठेवली आहे. प्रदर्शनाला येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला मुले विचारतात, "आजोबा, इथे काय होतं, तुम्हांला आठवतं का?" कुणाला एखादी चिंच आठवते, कुणाला आड. जे दोघातिघांनी सारखे सांगितले तेवढेच आम्ही मांडतो.

गुरुजनहो, तुमच्या गावात आगगाडी नसेल. पण आटलेला ओढा असेल, पडलेला वाडा असेल, मोडलेला बाजारतळ असेल. एक फळी घ्या आणि तेवढाच तुकडा करा. आणि आई-बापांनो, मुलगा माती कालवून घरभर पसारा करतो म्हणून रागावू नका. त्याला जवळ घेऊन सांगा की तिथे काय होते. सांगणारे माणूस पुढच्या बेस्तरवारी असेलच असे नाही.