फ्रीजवरचे तारे



कविता करणाऱ्या माणसानं ताऱ्यांवर पुष्कळ लिहिलेलं असतं. मीही लिहिलं आहे. पण दुकानातल्या फ्रीजवर चिकटवलेले तारे मात्र मला वाचता आले नाहीत, आणि त्याची किंमत माझ्या धाकट्या बहिणीनं मोजली. आज तीच गोष्ट सांगतो.

2018चा रमजान ऐन मे-जूनमध्ये आला होता. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचा उन्हाळा तुम्हाला ठाऊकच आहे. बहीण वडशाला राहते. नवरा हयात नाही, शिवणकामावर घर चालतं. रोजा सोडताना तिला घोटभर गार पाणी मिळावं म्हणून मी फ्रीज घ्यायला निघालो. चंद्रपूरच्या एका दुकानात सारख्याच आकाराचे दोन फ्रीज होते. एकावर दोन तारे, दुसऱ्यावर पाच. दोन ताऱ्यांचा अडीच हजारांनी स्वस्त. मी तोच घेतला, वर थोडी घासाघीसही केली आणि टेम्पोनं वडशाला पाठवून दिला.

हिवाळ्यात तिच्याकडे गेलो, तर फ्रीजचा प्लग काढलेला.

“बिघडला काय?” मी विचारलं.

“नाही भाईजान, रात्री बंदच ठेवते. बिल झेपत नाही. तुमची भेट, म्हणून बोलले नाही.”

मी बिलं काढून पाहिली. आधी महिन्याला नव्वदच्या आसपास युनिट जळायचे, आता शंभरच्या वर गेले होते. घरगुती दरात शंभराच्या पुढच्या युनिटला चढा भाव लागतो. कोणताही फ्रीज घेतला असता तरी बिल वाढलंच असतं, हे खरं. पण दोन तारे आणि पाच तारे यांतला फरक मी दरमहा तिच्या माथी मारला होता. अडीच हजार वाचले ते माझे. बिल मात्र तिचं.

त्यानंतर मी तो कागद नीट वाचायला शिकलो. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं 2006मध्ये ही ताऱ्यांची पद्धत सुरू केली. तारे जास्त, तेवढी वीज कमी. पण नुसते तारे मोजून भागत नाही. ही तुलना त्याच प्रकारच्या, त्याच आकाराच्या वस्तूंमधली असते. मोठा पाच ताऱ्यांचा फ्रीज लहान तीन ताऱ्यांच्या फ्रीजपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. म्हणून ताऱ्यांच्या खाली छापलेला वर्षाच्या युनिटचा आकडा पाहावा. समजा, एकाचा आकडा 150 आणि दुसऱ्याचा 250. युनिटला आठ रुपये धरले तर वर्षाला आठशेचा फरक. दहा वर्षांत आठ हजार! दुकानदार सांगतो ती पहिली किंमत, आणि हा आकडा म्हणजे दुसरी.

कागदावरचं सालही बघावं. निकष अधूनमधून कडक होतात, त्यामुळं जुन्या मालावरचे पाच तारे नव्या निकषांत कमी भरू शकतात. एसीवरचा आकडा वर्षाला 1600 तासांच्या वापराचा असतो. आपल्याकडे एसी त्याहून जास्त चालला, तर बिलही त्या मानानं वाढणार.

पंख्यांवर 2023पासून हे तारे सक्तीचे झाले आहेत. साधा जुना पंखा 75 वॉटच्या आसपास वीज घेतो, तर नव्या बीएलडीसी मोटरचा तिसेक वॉटमध्ये चालतो. रोज बारा तास फिरवला तर महिन्याला सोळा युनिट वाचतात. आपल्याकडे पंख्याला विसावा तो किती, सांगा!

आणि श्रोते हो, वीज कुठून येते हे निदान चंद्रपूरकरांना तरी सांगायला नको. आपल्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता 2920 मेगावॉट. कोळशावरच्या एका युनिटमागं अर्ध्या किलोहून जास्त कोळसा जळतो. त्याची राख आपल्याच अंगणात उतरते. वडशात वाचलेलं युनिट इथल्या हवेच्याही कामी येतं.

माझी एवढीच विनंती आहे. लेकीच्या लग्नात द्यायला, आईवडिलांना गावी पाठवायला किंवा भाडेकरूच्या खोलीत लावायला आपण वस्तू घेतो, तेव्हा तो कागद दुप्पट काळजीनं वाचा. कारण तिथं पैसे देणारा एक असतो आणि बिल भरणारा दुसरा.

गेल्या उन्हाळ्यात बहिणीनं स्वतःच्या पैशानं पंखा घेतला. दुकानातूनच मला फोन केला. म्हणाली, “भाईजान, तुम्ही बी.ए. शिकलेले, पण या वेळी मीच वाचते. तुम्ही फक्त ऐका.” आणि तिनं मला एकेक आकडा वाचून दाखवला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)