साहेब गावकरी होतो तेव्हा



इंग्रज आपल्या ओळखीचा आहे तो साहेब म्हणून. कलेक्टर म्हणून, गव्हर्नर म्हणून, महाबळेश्वरला बंगला बांधून उन्हाळा काढणारा म्हणून. हाच माणूस हाती सत्ता नसताना परक्या देशात साधा रहिवासी म्हणून राहायला गेला, तर कसा वागतो? ते पाहायचं तर फ्रान्समध्ये पाहावं. तिथे सुमारे दीड लाख ब्रिटिश नागरिक घर करून राहिले आहेत. आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. परक्या मुलखात घर विकत मिळतं, हवा मानवते, जेवणही अंगवळणी पडतं. पण माणूस तिथला होतो तो गावाच्या कामाचा वाटा अंगावर घेतल्यावरच.

इंग्रजांचा फ्रान्सशी संबंध तसा जुना. आक्विटेनच्या एलेनॉरने ११५२ साली हेन्रीशी लग्न केलं, दोन वर्षांनी हेन्री इंग्लंडचा राजा झाला आणि तिच्याकडचा नैर्ऋत्य फ्रान्सचा मोठा मुलूख इंग्लंडच्या तख्ताखाली आला. १४५३ साली कास्तियोंच्या लढाईत तो हातचा गेला. आज ब्रिटिश रहिवाशांसाठी प्रसिद्ध असलेलं दोर्दोन्यचं खोरं याच मुलखातलं. त्यामुळे तलवारीने घालवलेलं इंग्रजांनी चेकबुकाने परत घेतलं, ही थट्टा तिथे नेहमी चालते.

एकोणिसाव्या शतकात दोन तऱ्हेचे इंग्रज फ्रान्सला गेले. पहिले श्रीमंत, थंडीला कंटाळलेले. लॉर्ड ब्रूम हे इंग्लंडचे माजी लॉर्ड चॅन्सेलर. १८३४ साली ते इटलीला निघाले होते. कॉलऱ्यामुळे सरहद्द बंद, म्हणून कान या कोळ्यांच्या गावात थांबले. गाव आवडलं, जमीन घेतली, बंगला बांधला आणि १८६८ साली तिथेच देह ठेवला. त्यांच्यामागून निम्मं उमराव मंडळ कानला आलं. शेजारचं नीस तेव्हा सार्डिनियाच्या राज्यात होतं. फ्रान्सला ते १८६० साली मिळालं. तिथे १८२० नंतरच्या एका कडक हिवाळ्यात इंग्रजांनी बेकारांना मजुरी देऊन समुद्रकाठी पायवाट बांधून घेतली. तोच आजचा प्रख्यात इंग्रजांचा रस्ता, ‘प्रोमनाद देझांग्ले’. पिरेनीजच्या पायथ्याशी पो गावात त्यांनी १८५६ साली गोल्फ क्लब काढला. युरोपच्या मुख्य भूमीवरचा तो पहिला. सोबत स्वतःचं चर्च, स्वतःचा डॉक्टर आणि कोल्ह्यांची शिकारही आणली. पैसा आला, गावांची नावं झाली. पण स्थानिकांशी नातं राहिलं ते गिऱ्हाईक आणि दुकानदार एवढंच.

दुसरे इंग्रज गरीब होते. १८१६च्या सुमारास नॉटिंगहॅमचे लेस विणणारे कारागीर काले बंदराशेजारच्या सें-पिएरमध्ये आले, ते यंत्रांचे सुटे भाग चोरून घेऊन. यंत्र देशाबाहेर नेणं इंग्लंडमध्ये गुन्हा होता. इकडे फ्रान्समध्ये इंग्रजी जाळीच्या कापडाला बंदी होती. म्हणजे तिथेच बसून विणलं तर गिऱ्हाईक हातात. या लोकांना पगारी नोकरचाकर परवडत नव्हते. ते फ्रेंच मजुरांच्या शेजारी राहिले, त्यांच्याबरोबर मागावर उभे राहिले. १८४८च्या क्रांतीत कामं बंद पडली तेव्हा शेकडो जण जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेले. इंग्लंडमध्ये तरी काम कुठे होतं? बाकीचे राहिले. आज कालेची लेस हा फ्रान्सच्या अभिमानाचा विषय आहे, आणि ती विणणारे लीव्हर्स माग मूळचे नॉटिंगहॅमचे आहेत. पोमध्ये इंग्रजांचं मैदान उरलं. कालेमध्ये त्यांचा धंदा उरला आणि तो फ्रेंच झाला.

आता आपल्या काळाकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेंच शेतीत ट्रॅक्टर आला, तरुण पोरं शहरांत गेली, दगडी घरं ओस पडली. त्यात तिथला वारसा कायदा. एक मूल असेल तर इस्टेटीचा अर्धा, दोन असतील तर दोनतृतीयांश, तीन किंवा जास्त असतील तर पाऊण हिस्सा मुलांना द्यावाच लागतो. चार भावंडांच्या नावावरचं पडकं घर विकायला निघायचं आणि लंडनमधल्या लहानशा फ्लॅटच्या पैशांत गोठ्यासकट वाडा मिळायचा. १९८९ साली पीटर मेल यांचं ‘अ इयर इन प्रोव्हान्स’ आलं आणि वेळेवर न येणारे गवंडी, लांबलेली जेवणं, झोडपणारा मिस्त्राल वारा यांची गोडी घरोघर पोचली. १९९४ साली इंग्लिश खाडीखालचा बोगदा झाला. पुढे बर्जराक, लिमोजला स्वस्त विमानं उतरू लागली.

मग सुरू झाला खरा संसार. घराचं खरेदीखत करतो तो ‘नोतेर’, म्हणजे सरकारने नेमलेला कायदेपंडित. तो खत मोठ्याने वाचून दाखवतो आणि इंग्रज नवराबायकोला विचारतो, तुमच्या लग्नाची मालमत्ता-पद्धत कोणती? दोघं एकमेकांकडे बघतात. फ्रान्समध्ये लग्न म्हणजे नवराबायकोच्या मिळकतीचा ठरलेला हिशेब. इंग्लंडमध्ये असं काही ठरवायची रीत नाही. आपलं घर आपल्या मर्जीने कोणालाही देता येत नाही, हे त्यांना बहुधा याच टेबलावर कळतं. २०१५च्या ऑगस्टपासून युरोपीय नियमाने मृत्युपत्रात स्वतःच्या देशाचा कायदा निवडण्याची सोय झाली. पण २०२१ साली फ्रान्सने नवा कायदा करून डावललेल्या मुलांना फ्रान्समधल्या मालमत्तेतून भरपाई मागायचा हक्क दिला.

रोजच्या जगण्याचे नियम मात्र कोणी वाचून दाखवत नाही. दुकानात शिरताच ‘बाँझूर’ म्हणायचं, मगच पाव मागायचा. थेट विचारणारा माणूस उद्धट ठरतो. बारा ते दोन गाव जेवतं, तेव्हा दार ठोठावायचं नाही. डॉक्टरकडे गेलं की हिरवं ‘कार्त व्हिताल’ पुढे करायचं. ठरलेल्या फीचे साधारण सत्तर टक्के सरकारी विमा देतो, उरलेल्यासाठी पूरक विमा काढायचा. हे सगळं सहा महिन्यांत जमतं. जमत नाही ती भाषा. दोर्दोन्यमधलं एमे हे तेराव्या शतकात वसवलेलं, कमानींच्या चौकाचं गाव. तिथे क्रिकेट क्लब आहे, इंग्रजी वाणसामान मिळतं, वर्षानुवर्षं फ्रेंचशिवाय भागतं. मला यात दोष दिसत नाही, पण धोका दिसतो. जोडीदार गेला, आजारपण आलं, की अशा माणसाला घर विकून परतण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

याच्या उलट टोकाचं उदाहरण जेन बर्किनचं. लंडनची ही नटी-गायिका फ्रान्सला गेली, ५० वर्षांहून अधिक काळ पॅरिसमध्ये राहिली आणि २०२३ साली तिथेच वारली. तिच्या फ्रेंचमधला इंग्रजी हेल शेवटपर्यंत गेला नाही. फ्रेंचांचं तिच्यावरचं प्रेम त्या हेलासकटच होतं. थोडक्यात, शुद्ध भाषेची अट फ्रेंच घालत नाहीत, बोलण्याची घालतात.

आता मुद्द्याचं. फ्रान्समध्ये जवळपास पस्तीस हजार कम्यून आहेत, आपल्या ग्रामपंचायतींसारखे. पुष्कळ ठिकाणी वस्ती पाचशेच्याही आत. युरोपीय संघातल्या परदेशी रहिवाशांना २००१ पासून या निवडणुकांत मत देता येऊ लागलं, उभंही राहता येऊ लागलं. फक्त मेयर किंवा उपमेयर होता येत नाही. ब्रिटिश मंडळी उभी राहिली आणि निवडूनही आली. सातशेहून अधिक ब्रिटिश सदस्य गावोगावच्या परिषदांत बसत होते. सांडपाण्याचं गटार, शाळेचं जेवण, चौदा जुलैच्या राष्ट्रीय दिनाच्या पंगतीचे तंबू यांवर वाद घालत होते. मग ब्रेक्झिट आलं, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं. पंधरा वर्षांहून अधिक काळ देशाबाहेर असलेल्यांना त्यावरच्या २०१६च्या सार्वमतात मतच नव्हतं. मार्च २०२० मध्ये फ्रान्समध्ये गावच्या निवडणुका झाल्या, तोवर फ्रान्समधला मताचा हक्कही गेला होता. या सदस्यांना पुन्हा उभं राहता आलं नाही. ज्यांची मनं खरोखर तिथे गुंतली होती, त्यांनी फ्रेंच नागरिकत्वाचे अर्ज भरले. त्याला साधारण पाच वर्षांचं वास्तव्य लागतं आणि भाषेची परीक्षा द्यावी लागते. २०२६च्या जानेवारीपासून तीही अवघड झाली आहे. बाकीच्यांना ब्रेक्झिटच्या कराराप्रमाणे राहण्याचं कार्ड मिळालं. नुसतं सुट्टीचं घर असलेल्यांना १८० दिवसांत ९० दिवसांचीच मुभा उरली.

एका फटक्यात साहेबाला कळलं, की आपणही परवान्यावर राहणारा माणूस आहोत. आणि त्या दिवसांत कोणाला काय जास्त सललं, हे पाहण्यासारखं आहे. घरमालकांना दिवस मोजावे लागले. पंचायतीत बसलेल्यांची खुर्ची गेली, आणि तक्रार केली ती त्यांच्या फ्रेंच मेयरांनी, कारण त्यांचा कामाचा माणूस गेला होता. गावाने परक्याला आपलं म्हटल्याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

श्रोत्यांपैकी अनेकांची मुलं परदेशी आहेत. त्यांच्याशी बोलताना गणपती बसवला का, मराठी शाळा चालू आहे का, हे आपण हमखास विचारतो. जरूर विचारावं. पण यापुढे आणखी एक विचारा: तिथल्या गावाच्या कोणत्या कमिटीवर आहेस? आणि आपल्या गल्लीत परप्रांतातून येऊन दहा वर्षं राहिलेल्या माणसाला सोसायटीच्या बैठकीत तुम्ही कधी बोलावलंत, हेही एकदा आठवून पाहा.