स्फटिकाच्या जखमेचें मोजमाप

शाळेच्या पटांगणांत मुलें कवाइतीसाठीं सरळ रांगांत उभीं असावीं आणि दोन रांगांमधून चेंडू घरंगळत सोडावा. तो कोणासही न लागतां दूर जातो. चार मुलें रांग सोडून वाटेंत आलीं, तर तो त्यांच्या पायांवर आपटून मागें फिरतो. श्रोत्यांनीं एवढें चित्र डोळ्यांपुढें ठेवावें. स्फटिकाची परीक्षा याच तत्त्वावर होते.

सिलिकॉनच्या स्फटिकांत अणु असेच शिस्तीनें उभे असतात. त्यास इष्ट विद्युत्‌गुण यावा म्हणून बोरॉन, फॉस्फरस इत्यादिकांचे विद्युत्‌भारित अणु, म्हणजे आयन, त्यांत वेगानें घुसवितात. या रीतीचें पेटंट विल्यम शॉक्ले यांस १९५७ सालीं मिळालें. परंतु घरांत शिरतांना हे पाहुणे घरच्यांसच धक्के देतात. सिलिकॉनचा अणु जागचा हलविण्यास सुमारें १५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा पुरते. पाहुण्याजवळ ती हजारोंनीं असते. रांगा मोडतात, आणि त्या पुनः जुळेपर्यंत घातलेले अणु आपलें काम नीट करीत नाहींत.

जखमेवर औषध उष्णतेचें. मात्र ती कमी पडल्यास व्यंग राहतें, अधिक झाल्यास घातलेले अणु नेमलेली जागा सोडून भटकतात. म्हणून जखम किती व किती खोल, हें कळणें अगत्याचें.

१९०९ सालीं मँचेस्टर येथें गायगर व मार्सडेन यांनीं धातूच्या पत्र्यावर आदळून माघारीं फिरणारे अल्फाकण पाहिले. त्यावरून रदरफोर्ड यांनीं १९११ सालीं अणुगर्भाची कल्पना मांडिली. पुढें १९६३ सालीं रॉबिन्सन व ओएन यांच्या संगणकीय गणितांत आयन स्फटिकाच्या रांगांमधून फार दूरवर जातात असें आढळलें. या दोन शोधांच्या संगमांतून ही मोजणी निघाली.

हेलियमचे सुमारें २० लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टांचे आयन रांगांच्या रोखानें सोडतात. स्फटिक निर्दोष असल्यास, भलत्याच रोखानें सोडलेल्यांपैकीं जितके परततात, त्यांच्या शेंकडा ३-४ च परततात. वाटेंत अणु आले कीं ही संख्या वाढते. रांगा पार मोडल्या तर दोन्ही संख्या सारख्या होतात. जो अधिक खोलावरून परततो, त्याची ऊर्जा अधिक घटलेली असते. त्यावरून जखमेची खोली कळते.

मग सुमारें ६०० अंश सेंटिग्रेडची धग दिली कीं खालच्या शाबूत थराच्या आधारानें मोडलेला थर पुनः रांगेस लागतो. फेरमोजणींत परतणारे आयन घटले, म्हणजे जखम भरत आली. तपासणारे आयनही थोडा ओरखडा काढतातच. म्हणून ते बेतानेंच सोडावे लागतात. वैद्याप्रमाणें परीक्षकाचाही हात हलका हवा.