शाळेची घंटा आणि मुलांचे वय



शाळेची वेळ बहुधा इमारतीची सोय पाहून ठरते. मुलांच्या वयाचा विचार मागे पडतो. सकाळी ७ ची घंटा गाठावयाची तर मुलास ६ पूर्वी उठावे लागते. ६ ते १२ वर्षे वयाच्या मुलास दिवसाकाठी ९ ते १२ तास झोप आवश्यक असते, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. ती न मिळाल्यास पहिल्या तासिकेस मूल वर्गात असते, पण त्याचे अवधान नसते.

म्हणूनच पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ पूर्वी भरवू नयेत, अशा सूचना महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिल्या. यामुळे अध्यापन घटेल, ही भीती निराधार आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास, म्हणजे दिवसास सरासरी ४ तास अध्यापन पुरेसे ठरते.

प्रश्न उरतो तो मोठ्या मुलांचा. किशोरवयात झोप येण्याची नैसर्गिक वेळच पुढे सरकते. त्यास आळस म्हणणे अन्यायाचे होय. लहानांनी रिकामे केलेले सकाळचे सत्र विचार न करता मोठ्यांच्या माथी मारू नये. इमारत एकच असेल, तर निदान अवघड विषय पहिल्या तासिकेस ठेवू नयेत, बसची वेळ शाळेशी जुळवून घ्यावी आणि गावातील ध्वनिक्षेपक नियमाप्रमाणे रात्री १० वाजता बंद होतील हे पाहावे. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढील सभेत हा विषय अवश्य घ्यावा.