चित्राचे ओझे



पगारकराराच्या तक्त्याचा फोटो आमच्या युनियनने वेबसाइटवर चढवला. फाइल ६ एमबींची! पाळी सुटून गेटापाशी उभा राहिलेला कामगार फोनकडे पाहतच राही, चित्र उतरेना. मग मीच ती जेपेगमध्ये इतकी दाबली, की आकड्यांच्या कडा फुटल्या. ३ की ८, कळेना. पगाराच्या आकड्यात हे कसे खपावे?

जेपेग ही १९९२ सालची पद्धत मुळात छायाचित्रांसाठी. डोळ्याला सहसा न जाणवणारा बारकावा ती टाकून देते. चेहऱ्याला ते चालते, अक्षराला नाही. रेघा-अक्षरांना पीएनजी बरी. आणि ४,००० ठिपके रुंदीचे चित्र प्रमाणात १,०००वर आणले, की एकूण ठिपक्यांचा सोळावा हिस्साच उरतो.

खरे तर तक्ता चित्र म्हणून द्यायचाच कशाला? शेवटी तो आम्ही सरळ टाइप करून टाकला. मोर्च्याचे फोटो तेवढे जेपेगमध्ये राहिले.