नाव निघेपर्यंत गाडी आपलीच

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, 'जुनी गाडी स्वतः विकावी की डीलरला द्यावी'. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. त्यांना ज्ञानेश्वरी किंवा गेला बाजार पर्यावरण अपेक्षित असावं. पण मी अपघात दाव्यांची वकिली करतो. माझ्याकडे येणारी काही माणसं अपघाताच्या वेळी गाडीत नव्हती, रस्त्यावर नव्हती, गावातही नव्हती. त्यांनी फक्त गाडी विकली होती.

आता हे कुठं बोलतोय बघा. या सभागृहात विचारलं की प्रेस शॉपला, पेंट शॉपला, असेंब्ली लाइनवर कोणी काम केलंय, तर निम्मे हात वर होतील. १९९८ च्या डिसेंबरात इंडिका बाजारात आली, ती इथली. आकुर्डीला चेतक बनली, चाकणला पोलो. दरवाजाच्या फटीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक नुसत्या नजरेनं ओळखणारी माणसं आहेत इथं. तीच माणसं स्वतःची गाडी विकताना कोऱ्या फॉर्मवर सह्या करतात, दोन किल्ल्या आणि आरसी हातात देतात, पेढ्याचा पुडा घेतात आणि घरी येतात.

एक काळ असा होता की विकणाऱ्याला कसलीच चिंता नव्हती. सत्तर-ऐंशीच्या दशकात स्कूटरचा नंबर लागायला वर्षं जायची. परदेशातल्या नातेवाइकानं परकीय चलनात पैसे भरले तर लवकर मिळायची. त्यामुळे वापरलेली चेतक नव्या स्कूटरच्या छापील किमतीपेक्षा जास्तीला जाई. विकणारा राजा. त्या पिढीच्या मनात तो राजेपणा अजून आहे, म्हणून मुलानं जुन्या गाडीचा भाव सांगितला की वडील म्हणतात, "एवढ्या कमीला? टायर नवे टाकलेत म्हणावं!" नव्या टायरचे पैसे कोणी देत नाही, आजोबा.

भाव कशावर ठरतो याचा धडा तळेगावकरांनी जवळून पाहिलाय. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना २००८ ला सुरू झाला. स्पार्क आणि बीट या गाड्या तिथं बनायच्या. मे २०१७ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की वर्षअखेरीस भारतातली विक्री बंद. सुटे भाग आणि सर्व्हिस मिळत राहील असं कंपनीनं सांगितलं होतं, पण गिऱ्हाइकाला आश्वासनापेक्षा भीती लवकर पोचते. गाडी आदल्या दिवशी जशी चालत होती तशीच दुसऱ्या दिवशी चालत होती. बदलली होती ती पुढच्या मालकाची खात्री. तो कारखाना आता ह्युंदाईकडे आहे.

ही खात्री नावाची गोष्टच सगळ्या व्यवहाराच्या तळाशी आहे. जॉर्ज अॅकरलॉफ या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. आधी तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता. पुढे २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्याचं म्हणणं असं: गाडी चांगली की खराब हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना मधला भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही आणि बाजारात खराब गाड्याच उरतात. गंमत अशी की हा निबंध लिहिण्याच्या सुमारास तो दिल्लीत राहून गेला होता, आणि त्याच निबंधात बाजारच्या तांदळातून मुद्दाम मिसळलेले खडे निवडणारी भारतीय गृहिणी आहे, स्थानिक कर्जदारांना नीट ओळखणारा आपला सावकारही आहे. सावकाराला जे जमतं ते शहरातल्या बँकेला जमत नाही, कारण त्याला माणूस ठाऊक असतो.

आपल्याकडे हेच चालतं. कंपनीच्या शिफ्टच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गाडी टाकली की दोन दिवसांत जाते आणि भावही बरा येतो. घेणाऱ्यानं ती गाडी रोज पार्किंगमध्ये पाहिलेली असते, कुठं घासली तेही त्याला माहीत असतं. ओळखीत विकण्याचा फायदा हा आहे. त्यात प्रेम वगैरे काही नाही.

अनोळखी गिऱ्हाईक आलं की खेळ बदलतो. तो सोबत 'ओळखीचा मेकॅनिक' आणतो. मेकॅनिक दाराचं रबर ओढून आतले स्पॉट वेल्ड बघतो, बॉनेटच्या बोल्टवर पान्याच्या खुणा शोधतो, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पुराच्या गाळाचा डाग आहे का पाहतो. किलोमीटर मागे फिरवलेले आहेत का हे तो मीटरवर बघत नाही. स्टिअरिंग, ब्रेक पेडल आणि सर्व्हिस रेकॉर्ड बघतो. मग अर्धा तास झाल्यावर तो मान हलवतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, "साहेब, फायनल किती?" असे पाच-सहा रविवार, फोन वेगळे, ट्रायलला अनोळखी माणसाच्या हातात किल्ली वेगळी.

डीलर हे सगळं अंगावर घेतो आणि त्याचे पैसे कापतो. समजा त्यानं तुमची गाडी चार लाख वीस हजारांना घेतली आणि चार नव्वदला विकली. आपण म्हणतो, सत्तर हजार खाल्ले! त्यात डेंटिंग-पेंटिंग आहे, यार्डाचं भाडं आहे, गाडी पडून राहिली तर अडकलेलं भांडवल आहे, आणि पुढच्याला दिलेली वॉरंटी असेल तर तीही. शिवाय जीएसटी. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषदेनं जुन्या गाड्यांचा दर सरसकट १८ टक्के केला आणि समाजमाध्यमांवर एकच हलकल्लोळ उडाला की तोट्यात गाडी विकली तरी कर भरायचा. तसं नाही. तो कर नोंदणीकृत व्यावसायिकाला, आणि तोही फक्त खरेदी-विक्रीतल्या फरकावर. तुम्ही शेजाऱ्याला गाडी विकली तर जीएसटीचा संबंध येत नाही. आपल्या उदाहरणात डीलरचे दहा-बारा हजार त्यात जातात. तेव्हा घरगुती विक्रीत चाळीस-पन्नास हजार जास्त मिळाले तर ती तुमच्या रविवारांची आणि डोकेदुखीची मजुरी आहे असं धरा. ज्याला परवडते त्यानं कमवावी.

इथपर्यंत हिशेब सोपा आहे. पण मी आलोय तो दुसऱ्याच गोष्टीसाठी.

गाडी विकली म्हणजे नेमकं काय झालं की विकली? पैसे मिळाले की? किल्ली दिली की? मोटार वाहन कायदा १९८८, कलम २, पोटकलम ३०: ज्याच्या नावानं गाडीची नोंदणी आहे तो मालक. बस. तुम्ही स्टँपवर 'आजपासून सर्व जबाबदारी घेणाऱ्याची' असं लिहून घेतलं असेल. तो कागद तुमच्या आणि त्याच्यातला. गाडीखाली आलेल्या माणसाला त्याचं बंधन नाही.

सर्वोच्च न्यायालयासमोर असाच एक खटला आला होता. एका माणसानं जुलै २००७ मध्ये गाडी विकली. घेणाऱ्यानं ती पुढं दिली, त्यानं आणखी पुढं. आरटीओत मात्र नाव पहिल्याचंच. मे २००९ मध्ये ती गाडी मागे घेताना रस्त्यानं चाललेल्या बाई आणि तिच्या भाच्याला धडकली. मुलगा गेला. न्यायाधिकरणानं भरपाई नोंदणीकृत मालकावर टाकली; उच्च न्यायालयानं त्याला सोडून नंतरच्या खरेदीदारावर टाकली; ६ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं ती पुन्हा पहिल्याच्या गळ्यात घातली. तर्क साधा होता. ज्यांचं माणूस गेलंय त्यांनी गाडी कोणाकडून कोणाकडे गेली याची साखळी शोधत फिरायची का? नोंदवहीत नाव आहे, त्याला धरा. हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड. त्यांच्या घराण्याचं गाव कन्हेरसर, आपल्याच खेड तालुक्यातलं. चाकणच्या माणसाला हा निकाल ठाऊक नसावा, हे मला जरा लागतं.

गाडीचा विमा चालू असेल तर विमा कंपनी पुढं येते. पण हातोहात गेलेल्या गाडीचा विमा कोण भरतं? आणि भरला असला तरी आपल्या पट्ट्यातला एक धोका ध्यानात घ्या. चाकण चौकात सकाळी उभं राहा. पांढऱ्या पाटीच्या किती गाड्या कामगारांना सीटवर घेऊन जातात ते बघा. विमा खासगी वापराचा, धंदा भाड्याचा. अशी गाडी ठोकली की विमा कंपनी 'अटींचा भंग' म्हणते, आणि भरपाईची वसुली मालकाकडून करा असा हुकूम होऊ शकतो. मालक कोण? जो बिचारा निगडीत वरणभात खात बसलाय तो.

आता डीलरकडे गाडी दिली म्हणजे नाव निघालं, असा ज्यांचा समज आहे त्यांच्यासाठी. वर्षानुवर्षं पद्धत अशी की डीलर नावबदलीच्या कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर तुमच्या सह्या घेतो आणि गाडी यार्डात उभी करतो. स्वतःच्या नावावर तो करून घेत नाही, कारण आरसीवर मालकांचा आकडा एकानं वाढला की 'फर्स्ट ओनर' म्हणून मिळणारा भाव गेला. गिऱ्हाईक मिळेपर्यंत तीन महिने गाडी तुमच्या नावावर, किल्ली त्याच्या पोरांकडे. सोमाटणे टोलला फास्टॅगमधून पैसे कापल्याचा मेसेज आला की आपल्याला कळतं, गाडी लोणावळ्याला फिरायला गेलीय.

यावर केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये नियम काढले आणि १ एप्रिल २०२३ पासून ते लागू झाले. जुन्या गाड्यांच्या डीलरनं आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं. ते पाच वर्षं चालतं. गाडी त्याच्या ताब्यात देताना फॉर्म २९-सी ऑनलाइन भरायचा. तो भरला की डीलर 'मानीव मालक' होतो, गाडीची आणि तिच्यामुळे होणाऱ्या प्रकारांची जबाबदारी त्याच्याकडे जाते. ट्रायल, दुरुस्ती, तपासणी अशा कामांखेरीज त्यानं ती रस्त्यावर आणायची नाही आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवायची. चांगला नियम आहे. पण विकणाऱ्यांपैकी फार थोडे २९-सी मागतात. तेव्हा डीलरला भावाच्या आधी विचारायचं, "अधिकारपत्र आहे का? २९-सी आजच भरणार का?" तो "अहो, आपल्यात एवढं कशाला?" म्हणाला, तर पाच हजार कमी घेऊन दुसरीकडे जा. आणि यार्डात गाडी ठेवून विकली तर कमिशन, नाही तर परत, अशी जी 'पार्क अँड सेल'ची टूम आहे, तिच्या वाटेला माझ्या मते जाऊच नये. त्यात मालकीही तुमची, जोखीमही तुमची, आणि गाडी तुमच्या नजरेआड.

स्वतः विकणाऱ्यासाठी कायदा सांगतो: राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत नाव चढवून घ्यायचं. लोक घेणाऱ्याचे तीस दिवस लक्षात ठेवतात, स्वतःचे चौदा विसरतात. नावबदलीची सरकारी फी काही शेकड्यांत आहे. ती वाचवायला कोणी जात नाही, खेटे वाचवायला जातं. मी तर म्हणेन, गिऱ्हाईक मोशीच्या आरटीओच्याच हद्दीतलं असेल, म्हणजे एमएच चौदा पासिंगमधलं, खेड-मावळ-जुन्नर-आंबेगावचं, तर हजार-दोन हजार कमी घ्या. लातूर-धाराशिवकडचा कामगार दिवाळीला गाडी गावी नेणार असेल तर अडवू नका, पण नाव निघेपर्यंत काही रक्कम आणि दुसरी किल्ली हातात ठेवा. तो रागावणार नाही. गावाकडं जमिनीच्या व्यवहारात तोही हेच करतो.

कर्जाची गाडी असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा आधी उतरवा, जाहिरात नंतर. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षा) पाटी नसेल तर नावबदली अडेल. फास्टॅग बंद करा. आणि रोख! दोन लाख किंवा जास्त रोख घेतलीत तर दंड घेणाऱ्याला, म्हणजे पैसे घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हालाच, आणि तेवढ्याच रकमेचा. बयाणा रोख, बाकी बँकेतून, हे बरं.

एक गोष्ट मात्र पदरात पडण्यासारखी आहे आणि ती बहुतेक जण सोडून देतात. विम्यावर वर्षानुवर्षं क्लेम न घेतल्याची सवलत, नो क्लेम बोनस, पन्नास टक्क्यांपर्यंत जातो. तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो. विकताना विमा कंपनीकडून तसं पत्र घेतलं तर तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लावता येतो. डीलर भाव पाडतो म्हणून तासभर भांडणारा माणूस हे पत्र मागत नाही.

शेवटी, आत येताना एका गृहस्थांनी बाहेर विचारलेलं सांगतो: गाडी वडिलांच्या नावावर, वडील वारले, विकायची आहे. तर आधी वारसाच्या नावावर. मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवलं तर तीन महिने गाडी वापरता येते, आणि त्या अवधीत फॉर्म ३१ भरून नाव लावून घ्यायचं. वडिलांच्या सहीचे जुने फॉर्म कपाटात सापडले तरी ते वापरायचे नाहीत. तो गुन्हा होतो. आणि जे आज हयात आहेत त्यांनी आरसीवर वारसाचं नाव नामनिर्देशनात घालून ठेवावं. ही सोय २०२१ पासून आहे.