हातांतील यंत्र आणि शेजारधर्म

(महोत्सवानिमित्त भरलेल्या युवकमेळाव्यांतील भाषण)



महोत्सवाच्या आनंदांत कित्येकांना अप्रिय वाटेल असा विषय आज आम्हीं निवडला आहे. तो म्हणजे मोबाईलच्या योगानें आपल्या तरुणांस जडलेलें समाजमाध्यमांचें व्यसन.

हें व्यसन केवळ मनाच्या दुबळेपणांतून उपजलें, असें म्हणणें अन्यायाचें होईल. पडद्यावर बोट फिरवीत राहावें आणि मजकूर कधीं संपूंच नये, ही युक्ति आझा रस्किन नामक अमेरिकन गृहस्थानें २००६ सालीं काढली. पुढें त्यालाच तिची टोंचणी लागली. फेसबुकवर पसंतीचा अंगठा आला तो २००९ सालीं. त्या कंपनीचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर यांनीं २०१७ सालीं उघड सांगितलें कीं, लोकांचा जास्तींत जास्त वेळ व लक्ष कसें मिळवावें, हाच आरंभीं विचार होता. रात्रीं दोन वाजेपर्यंत जागणाऱ्या मुलास आळशी म्हणून मोकळें होणाऱ्या आईबापांनीं हें ध्यानांत घ्यावें.

परंतु आमची खरी चिंता वेळेची नव्हे, करुणेची आहे. प्रभूच्या दाखल्यांतील याजक व लेवी या दोघांनींहि जखमी मनुष्यास पाहिलें होतें. पाहण्यांत ते कमी पडले नाहींत. शोमरोनी मात्र थांबला, जवळ गेला, तेल व द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, त्यास आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेंत नेलें आणि पदरचे दोन दीनार दिले. आपण मात्र दिवसभर पाहतच असतों: एका क्षणीं युद्धांत मेलेलें बालक, लगेच कोणाच्या लग्नांतील नाच, त्यावर एखादा विनोद. थांबण्यास उसंतच नाहीं. गांवांत कोणी वारलें तर व्हॉट्सअॅपवर जोडलेल्या हातांची रांग लागते. शवपेटीस खांदा द्यावयास तेच पन्नाशी उलटलेले चार गृहस्थ!

तथापि सर्व दोष यंत्रावर ढकलतां येत नाहीं. अमेरिकेंतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची परदुःखसंवेदना १९७९ नंतर घटत गेली, असें सॅरा कॉनरॅथ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१० सालीं दाखविलें. परंतु त्यांच्याच पुढील पाहणींत २००८ नंतर ती पुन्हां वाढल्याचें दिसून आलें, म्हणजे नेमकी मोबाईल घरोघर पोहोंचला त्या काळांत. म्हणून ‘आजचे तरुण निष्ठुर’ हा वडीलधाऱ्यांचा आवडता सिद्धांत आम्हांस मान्य नाहीं. संवेदना आहे, ती पायांपर्यंत उतरत नाहीं, एवढेंच.

ती उतरूं शकते. ७ सप्टेंबर २०२५ रोजीं पोप लिओ चौदावे यांनीं ज्यांस संतपद दिलें, ते कार्लो अकुतिस संगणकांत निष्णात होते. संगणकावरील खेळास त्यांनीं आठवड्याला एकच तास ठरवून घेतला होता. मिलान शहरांतील बेघरांकडे ते स्वतः जात. पंधराव्या वर्षीं, २००६ सालीं, ते निवर्तले.

येत्या पहिल्या शुक्रवारीं आजाऱ्यांस पवित्र कम्युनियन देण्यास आम्ही निघूं, तेव्हां प्रत्येक वाडीतील दोन तरुणांनीं आमच्याबरोबर यावें. पुढें तीं घरें त्यांचींच. दर आठवड्यास एक खेप घालावी, औषध आणून द्यावें, जुन्या गोष्टी ऐकाव्या. मोबाईल घरीं ठेवावा. वाट चुकल्यास कोणी आजीबाई सांगतील. नांवें लिहिण्याची वही सॅक्रिस्टींत ठेविली आहे.